नाशिकच्या थंडीतला एक घोट

मैत्रिणींनो, आज जे सांगणार आहे ते लिहावं की लिहू नये, ह्यावर गेले पंधरा दिवस माझं मनाशी भांडण चाललं होतं. जवळा बाजार म्हणजे काही मुंबई-पुणं नव्हे. सकाळी चार तास शाळेत मराठी शिकवायचं, संध्याकाळी त्याच मुलांच्या आया गिरणीवर नि बाजारात भेटायच्या, आणि अशा बाईनं चारचौघींत सांगायचं की मी वाइन चाखली! आमचे 'हे' म्हणाले, "त्यापेक्षा वाळवणांवर लिही." वाळवणांवर लिहीनच, उन्हाला अजून अवकाश आहे. पण ह्या पानावर आजवर तुमच्यापासून मी काही लपवलेलं नाही. करपलेला पाक नि फसलेले अनारसेसुद्धा इथे सांगून झाले आहेत.

झालं असं, की आमचे धाकटे दीर नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात आहेत. दोन वर्षं झाली, "वहिनी, एकदा या" म्हणून त्यांचा धोशा होता. सव्वीस जानेवारीचं झेंडावंदन आटोपलं, दुसऱ्या दिवशी पहाटेच एस.टी.नं परभणी गाठली नि तिथून तपोवन एक्सप्रेस धरली. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे त्या घरीच राहिल्या. निघताना आमच्याकडे दुपारी अंगावर स्वेटर नको होत होता, म्हणून मी एकच शाल घेतलेली. नाशिकरोडला उतरलो तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती आणि माझी दातखीळ बसायची तेवढी राहिली होती.

दर हिवाळ्यात वर्तमानपत्रात 'निफाडचा पारा घसरला' अशी बातमी येते, ती तुम्हीही वाचली असेल. मी वाचायची नि पान उलटायची. हे निफाड नाशिक जिल्ह्यातलंच. तिथल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात तापमान मोजतात, आणि एखाद्या वर्षी ते २ अंशांच्याही खाली उतरतं. अशा रात्री द्राक्षवाले झोपत नाहीत. बागेत शेकोट्या पेटवतात, पहाटे पाणी सोडतात, नाहीतर भरलेले मणी गारठ्यानं तडकतात. ही सगळी माहिती धाकट्या जाऊनं मला गोधडीत पाय घालून, गरम चहा पीत पीत दिली. आणि मग हळूच म्हणाली, "ताई, उद्या आपण द्राक्षाचा मळा बघायला जाऊ. तिथे वाइन करतात. बघायला काय हरकत आहे?"

बघायला हरकत नव्हतीच. पण माझ्या पोटात गोळा आला, त्याचं कारण सांगते.

माझे धाकटे काका दारूपायी गेले. एक्केचाळिसाव्या वर्षी. आजी लवकर वारल्यामुळे आईनं त्यांना मुलासारखं वाढवलेलं. रात्री ते यायचे तेव्हा कडी काढायला आईच उठायची, कारण वडिलांनी काढली तर भांडण व्हायचं. मी आईच्या कुशीत जागी असायची. आधी दाराशी वास यायचा, मग काका यायचे. तो वास आजही बाजारात एखाद्याच्या अंगाला आला तर मी पिशवी सावरून दुसऱ्या अंगानं निघून जाते. माझ्या लेखी दारू म्हणजे तो वास.

पुढे माहेरच्या गावी बायकांनी दारूचं दुकान बंद करायचं ठरवलं, तेव्हा आई सगळ्यांत पुढे होती. आपल्या राज्यात २००८ सालच्या आदेशाप्रमाणे असं मतदान घेता येतं, हे पुष्कळ जणींना ठाऊक असेल. चिठ्ठीवर एक उभी बाटली नि एक आडवी. उभी म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद करा. मात्र आलेल्या मतांतली निम्मी मिळून भागत नाही. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्यांहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीला मत द्यावं लागतं. त्या दिवशी कुणाची कापूस वेचणी, कुणी बाळंतपणाला गेलेली, कुणाला नवऱ्यानं उंबऱ्याबाहेर पडू दिलं नाही. आडवी बाटली पुढे होती, पण आकडा भरला नाही. दुकान राहिलं. आई त्या रात्री जेवली नाही. आता सांगा, अशा आईच्या लेकीनं त्या मळ्याची पायरी चढावी का?

चढले. भाऊजींचा हिरमोड नको, हे एक कारण. खरं कारण म्हणजे कुतूहल. मळ्याचं नाव मुद्दाम देत नाही, ही काही जाहिरात नव्हे. गंगापूर धरणाच्या अंगाला आहे एवढंच सांगते.

दहा वाजले तरी हवेत गारवा होता. धरणाचं पाणी, पलीकडे डोंगर, नि मधे तारांवर चढवलेल्या वेलींच्या रांगा. माहिती सांगायला एक मुलगी होती, पंचविशीची असेल. जवळच्याच खेड्यातली, वडिलांची खायच्या द्राक्षांची बाग. ती अगदी घरच्यासारखी मराठी बोलत होती, त्यामुळे माझं अर्धं अवघडलेपण तिथेच गेलं. तिनं आधी एक घड हातावर ठेवला. मणी एवढे बारीक की आपण बाजारात घेणार नाही! जाड सालीचे, आत बिया. खायला आपण जी लांबट बिनबियांची थॉमसन द्राक्षं आणतो ती वेगळी, नि ही वाइनची वेगळी. हे वाण फ्रान्सकडचं. नाव सॉव्हिन्यो ब्लाँ. म्हणताना थोडं नाकात बोलावं लागतं.

मला नवल ह्याचं वाटलं, की असलं नाजूक थंड देशातलं झाड आपल्या उन्हात तगलं कसं? जगात वाइनचे मुलूख बहुतेक ३० ते ५० अक्षांशांच्या पट्ट्यात आहेत, भूगोलाच्या भाषेत समशीतोष्ण. नाशिक आहे २० अंशांवर. तिकडच्या लोकांना 'नाशिकची पांढरी वाइन' हे ऐकून, आपल्याला 'लंडनचा हापूस' ऐकून वाटेल तसंच वाटत असणार. गंमत अशी, की इथल्या शेतकऱ्यानं हिवाळ्यालाच उन्हाळ्याच्या जागी बसवलं. थंड देशात वेल हिवाळ्यात झोपते, पानं गाळते, उन्हाळ्यात वाढते नि सप्टेंबर-ऑक्टोबरात द्राक्षं काढतात. आपल्याकडे वेल झोपतच नाही. तिला तिच्या मनावर सोडलं तर ऐन पावसात फळ येऊन कुजून जायचं. म्हणून वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ती नुसत्या काड्या तयार होण्यासाठी. मग पावसाळा सरता सरता, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. तिथून फळ धरतं, ते डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत भरतं आणि जानेवारी ते मार्चमध्ये उतरवतात. छाटायचं दोनदा, पीक एकदाच.

आणि थंडीचं काम काय? दिवसा ऊन असतं, त्यानं साखर भरते. रात्र गार असली की मण्यातला आंबटपणा टिकतो. रात्रीही गरम असेल तर आंबटपणा उडून जातो नि नुसता गुळचट रस उरतो. ती मुलगी म्हणाली, "काकू, पांढऱ्या वाइनला आंबटपणा म्हणजे वरणाला लिंबू." हे मात्र मला पटकन समजलं.

हे सगळं फार जुनं नाही बरं का. पुणे जिल्ह्यात नारायणगावला चौगुल्यांनी १९८० च्या दशकात फ्रान्सच्या पद्धतीची बुडबुड्यांची वाइन केली होती. नाशिकला अमेरिकेहून शिकून आलेल्या राजीव सामंतांनी १९९० च्या दशकात वडिलोपार्जित जमिनीवर ह्या फ्रेंच वेली लावल्या, नि त्यांच्या 'सुला'ची पहिली वाइन २००० साली बाजारात आली. पुढच्याच वर्षी, २००१ ला, राज्य सरकारनं द्राक्षापासून वाइन करण्यासाठी वेगळं धोरण आणलं. आज दिंडोरीपासून इगतपुरीपर्यंत ठिकठिकाणी असे मळे आहेत.

मग कारखाना दाखवला. मोठमोठ्या स्टीलच्या टाक्या, आपल्या डेअरीत असतात तशा. द्राक्षं पहाटेच्या गारव्यात तोडतात. पांढऱ्या वाइनसाठी रस लगेच सालीपासून वेगळा करतात. लाल वाइनचा रंग येतो तो सालीमुळे, म्हणून ती सालीसकट आंबवतात. ह्या रसात खमीर घालतात, ते साखर खातं नि तिचा अल्कोहोल करतं. आंबवणं आपल्याला काय नवीन? हिवाळ्यात इडलीचं पीठ फुगत नाही म्हणून आपण ते चुलीजवळ ठेवतो, घोंगडीत गुंडाळतो. हे लोक नेमकं उलट करतात. टाकीभोवती गार पाणी खेळवून रस साधारण १२ ते १६ अंशांवर धरून ठेवतात. घाईनं आंबलं तर वास उडून जातो. गार ठेवलं की दोन-तीन आठवडे लागतात, पण वास आतच राहतो. तुम्हाला सांगते, इथपर्यंत मी वर्गात बसल्यासारखी वहीत टिपणं घेत होते.

आणि मग पेले आले.

तळाला थोडीशीच, दोन-तीन चमचे म्हणा. रंग म्हणजे जवळजवळ पाणीच, उन्हात धरलं तर किंचित पिवळट-हिरवी झाक. 'ह्यां'नी नि भाऊजींनी पेले उचललेसुद्धा. जाऊ माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "मी नुसता वास बघते." ती मुलगी हसून म्हणाली, "काकू, आधी वासच बघायचा असतो." पेला दांड्याला धरायचा, वाटीला हात लावायचा नाही, कारण हाताच्या उबेनं वाइन कोमट होते. थोडी गोल फिरवायची, नि नाक आत घालायचं.

मी डोळे मिटले. मला वाटलं होतं, आता आमच्या माहेरच्या दाराशी यायचा तो वास येणार.

आला पेरूचा. पिकलेला पेरू सुरीनं चिरल्यावर पहिला येतो तो. त्याच्यामागून ढोबळी मिरची तेलात टाकल्यावर येतो तसा हिरवा वास, नि थोडा गवती चहा. मी हे बोलले तेव्हा ती मुलगी टाळ्याच पिटायची राहिली. म्हणाली, "लोकांना हे शिकवायला आम्हाला अर्धा तास लागतो. ढोबळी मिरचीत जो वासाचा अंश असतो, तोच ह्या द्राक्षात असतो." पुरुषमंडळींना विचारलं तर भाऊजी म्हणाले, "द्राक्षाचा." आणि 'हे' म्हणाले, "वाइनचा." अहो, रोज फोडणीच्या वासावरून मोहरी तडतडली की जळली हे ओळखणारं नाक आपलं! त्याला कुणी आजवर विचारलंच नव्हतं एवढंच.

बाजूला एक स्टीलचं भांडं ठेवलेलं होतं. मला वाटलं बर्फाचं. ते थुंकण्यासाठी! जाणकार लोक दिवसाला तीस-चाळीस वाइन चाखतात, त्या सगळ्या गिळल्या तर कसं व्हायचं? म्हणून तोंडात घोळवायची, चव बघायची नि थुंकायची. आपल्या आज्यांच्या पिकदाणीसारखंच. हे ऐकल्यावर माझा जीव भांड्यात पडला. पहिला घोट मी घेतला नि थुंकला. गोडी मुळीच नव्हती, कारण साखर सगळी खमिरानं खाल्लेली. नुसता आंबट, कोवळ्या हिरव्या सफरचंदासारखा, आणि जिभेच्या कडा आवळल्यासारख्या. 'ह्यां'ना ती मुळीच आवडली नाही. "साखर घालायची राहिली वाटतं," म्हणाले.

पेल्यात अजून एक घोट होता. खरं तर तो कुणी आग्रह केला म्हणून नव्हे, की नाकारता आला नाही म्हणूनही नव्हे. आजवर दारू म्हणजे दुसऱ्याच्या तोंडाचा वास. तो मला आला, आईला आला, आम्हाला कुणी विचारलं नाही. त्या दिवशी पेला माझ्या हातात होता, थुंकायचं भांडंही माझ्याच समोर होतं. मी तो घोट गिळला. घशात किंचित ऊब लागली. बस्स. पुढचे दोन पेले मी नको म्हणून सांगितलं नि ते कुणी पुन्हा पुढे केले नाहीत, हेही नमूद करते. आपल्याकडे एका पोळीला नाही म्हणायचं तर किती शपथा घालतात!

आता कुणी म्हणेल, बाई, म्हणजे तुम्ही वाइन चांगली म्हणता? तसं नाही. 'वाइन म्हणजे दारू नव्हेच' असं हल्ली म्हणायची पद्धत पडली आहे. २०२२ च्या जानेवारीत मोठ्या दुकानांतून वाइन विकू द्यायचं सरकारनं ठरवलं, तेव्हा हे वाक्य खूप ऐकू आलं नि त्यावर वादही खूप झाला. वाइनमध्ये साधारण १२ ते १३ टक्के अल्कोहोल असतो. व्हिस्कीत बेचाळीस-त्रेचाळीस टक्के. कमी आहे, पण आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये स्पष्टच सांगितलं, की अमुक इतकी प्यायली तर सुरक्षित, असं मापच नाही. आणि आपण बायकांनी तर हे ध्यानात ठेवायलाच हवं, की स्तनाच्या कर्करोगाचा धोका थोड्या पिण्यानंही वाढतो. दिवस गेले असताना, अंगावर पाजत असताना तिचं नावच नको. झोपेच्या नि मनाच्या आजाराच्या गोळ्या चालू असतील तरी नको.

शहरातल्या नातेवाइकांकडे गेल्यावर ताटाशेजारी असा पेला आला, तर काय करावं, हे मला निघण्याआधी दोघी-तिघींनी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. आता सांगते. नको असेल तर पेला उलटा घालायची किंवा कारणं सांगायची गरज नाही, 'मला पाणी द्या' एवढं पुरतं. त्यात अपमान कुणाचाच होत नाही. चाखायची असेल तर पोटात अन्न असू द्या, नि घोटाआड पाणी प्या. आपल्या मराठवाडी ठेच्याबरोबर तर मुळीच नको, अल्कोहोलनं तिखट दुप्पट भडकतं. भाऊजींनी रात्री घरी तो प्रयोग केला नि ग्लासभर ताक प्यायले. त्यापेक्षा जाऊनं केलेली कोथिंबीर वडी त्यांना बरी लागली. पांढरी वाइन गार करून देतात, साधारण ८ ते १० अंशांवर. उघडलेली बाटली बूच घट्ट लावून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस राहते. मुलांच्या हाताशी ठेवू नये, हे मी वेगळं सांगायला नको. आपल्या राज्यात २१ वर्षांखालच्याला वाइन द्यायला कायद्यानं बंदी आहे.

मळ्यातून निघताना तळघरासारख्या एका गार खोलीत बाटल्या मांडलेल्या दिसल्या. शेकड्यांनी, नि सगळ्या आडव्या! लाकडी बूच ओलं राहावं, सुकून फट पडू नये म्हणून बाटली आडवी ठेवतात म्हणे. मी एकदम हसले नि मग एकदम हसू थांबलं. जाऊनं विचारलं, "काय झालं ताई?" मी तिला माहेरच्या मतदानाची गोष्ट परतीच्या वाटेवर सांगितली. तिला ती ठाऊकच नव्हती.

घरी आल्यावर सासूबाईंना मी त्याच संध्याकाळी सांगून टाकलं, भाजी निवडता निवडता. वाटलं होतं, त्या भाजीची परात सरकवून उठतील. त्यांनी विचारलं, "किती?" मी म्हटलं, "एक घोट. एक थुंकला." त्या म्हणाल्या, "थुंकलीस ती कशाला? पैसे नव्हते दिले का?" आणि मेथीच्या काड्या मोडत राहिल्या. मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "तुझ्या आईला तू सांग. दुसऱ्या कुणाकडून कळायला नको."

आईला फोन करायला मला चार दिवस लागले. आधी हळद कशी निघाली, पुतण्याची परीक्षा कधी, सगळं विचारून झालं. मग सांगितलं. पलीकडे ती गप्प. मला वाटलं फोन तुटला.

"वास कसा होता?" तिनं विचारलं.

"पेरूचा," मी म्हटलं. "खरंच, आई. चिरलेल्या पेरूचा."

"त्याच्या तोंडाला यायचा तसा नाही?"

"नाही."

पुन्हा थोडी गप्प झाली. मग म्हणाली, "घरात बाटली आणली नाहीस ना?" मी म्हटलं, नाही. "बरं केलंस. आणायची नाही." आणि नंतर, परसातल्या पेरूला ह्या वर्षी किती पेरू लागले, शेजारच्या पोरांनी किती नेले, ते सांगत बसली. येत्या आठवड्यात एस.टी.नं एक पिशवी पाठवते म्हणाली. ती आली की पेरूच्या जेलीची कृती देईन, कुणाकुणाची जेली घट्ट होत नाही अशी पत्रं आली आहेत.